सहलीचा दिवस, ओळीने

"अगं, ही तारीख बघ! तेव्हा तर तुमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

सासूबाई संगणकाच्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक आता काचेला टेकणार असं वाटलं.

"आई, मागे सरका बघू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"नवा डोळा काय शोकेसमध्ये ठेवायला करून घेतलाय?" म्हणत त्या जेमतेम वीतभर मागे सरकल्या. "पण ही तारीख अशी कशी?"

"यांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय. सेल काढून परत घातले की ते पार मागे जातं. पुन्हा लावावं लागतं. यांनी लावलंच नसणार."

"घरातलं घड्याळ तरी कधी लावलं त्यानं? बंद पडलं की मलाच विचारायचा, आई, अंदाजे किती वाजले असतील?"

सून हसली नाही. तिने माउस सरकवला आणि नवऱ्याच्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो, एखाद्या चुकीच्या गाडीत चढलेल्या वऱ्हाडासारखे, यादीच्या अगदी वर गठ्ठ्याने बसलेले पाहत राहिली.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी आधी छताच्या कोपऱ्यातली जळमटं दाखवली, मग सुनेच्या केसांतली पांढरी बट, आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता मला त्याचा तो दिवस दाखव. सकाळपासून, ओळीने. मधलं काही गाळायचं नाही."

तो दिवस म्हणजे वर्षापूर्वीचा, कंपनीच्या सहलीचा. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी कंपनी एका मोठ्या तलावाकाठी सहलीला गेली होती. संध्याकाळी परतताना माणसं मोजली तर एक कमी भरला. शोधाशोध झाली, तेव्हा काठापासून आडबाजूला, खडकावर त्याचे बूट सापडले. आणि मग तासाभराने तो.

जेवून उठला आणि एकटाच पोहायला गेला, असं सगळ्यांनी सांगितलं. भेटायला आलेले कंपनीचे साहेब याच खोलीत, याच खुर्चीत बसून म्हणाले होते, "जेवल्यावर पाण्यात उतरू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं हो. फार वाईट झालं." वाक्याचा पहिला भाग त्यांनी जोरात म्हटला होता, दुसरा हळू.

तिलाही तसंच वाटलं होतं. दवाखान्याच्या थंड खोलीत चादर बाजूला केली तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली होती, "झाली हौस?" त्यानंतर ती रडली नाही. मूलबाळ नव्हतं, ती आणि सासूबाई अशा दोघीच उरल्या होत्या. त्या एका हौसेपायी आपल्याला असं टाकून गेलेल्या माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. त्याच्या बॅगेतून आलेला कॅमेरा कपाटात तसाच पडून राहिला. ऑफिसातल्या हिशेबनीसबाईंनी स्वतःच्या कॅमेऱ्यातले आणि साहेबांच्या फोनमधले फोटो आणून दिले होते, तेही तिने उघडले नव्हते.

"भाऊजींनाही बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "तोही होता की तिथं. कोण कुठे, काय करतंय, ते तो सांगेल."

"संध्याकाळी येणारच आहेत. बाथरूमचा दिवा लावायचाय."

हे भाऊजी म्हणजे नवऱ्याचा कामावरचा जोडीदार. सगळे त्याला जोडीदारच म्हणत. लिफ्टच्या कामाला माणसं दोन-दोन जातात. एक खाली खड्ड्यात उतरतो, दुसरा वर मशीनच्या खोलीत थांबतो. खालच्याने 'थांब' म्हटलं की वरच्याने लिफ्ट थांबवायची. बारा वर्षं या दोघांनी एकमेकांच्या आवाजावर भरवसा टाकून काम केलं होतं. नवरा गेल्यापासून जोडीदार दर रविवारी यायचा. सिलिंडर लावून दे, गळका नळ बांध, औषधं आणून दे. डोळ्याच्या ऑपरेशनला सासूबाईंना नेणं-आणणं त्यानेच केलं. "पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं करतो," असं सासूबाई शेजारणींना सांगत.

सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या, तेव्हा तिने हिशेबनीसबाईंना फोन लावला.

"माझा कॅमेरा आणि साहेबांचा फोन, दोन्हीची घड्याळं बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. अखेर तिने फोटो उघडले याचं त्यांना बरं वाटलेलं आवाजात कळत होतं. "ते आपोआप जुळतील. त्यांच्या कॅमेऱ्यात एखादा असा क्षण शोधा, जो माझ्याकडेही आहे. तो सापडला की फरक कळेल. मग त्यांचे सगळे फोटो तेवढेच पुढे ढकलायचे. सगळे एकदम हं, एकेक करत बसू नका."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिला अवघड वाटलं असतं. पण तिचं कामच चित्रं पाहण्याचं होतं. एका मोठ्या दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. एकाच हाडाचे जुने-नवे फोटो शेजारी लावून बघायची सवय तिच्या डोळ्यांना होती. आणखी एक सवय होती. फोटो निघाला की पेशंट तिच्याच तोंडाकडे बघत, काही वाईट दिसतंय का म्हणून. त्यामुळे काहीही दिसलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, हे तिला वर्षानुवर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

तो सामाईक क्षण तिला लवकरच सापडला. हिशेबनीसबाईंच्या एका फोटोत तिचा नवरा उभा होता. डोळ्याला कॅमेरा, दुसरा डोळा गच्च मिटलेला, जिभेचं टोक बाहेर. आणि त्याच्या कॅमेऱ्यात त्याच झाडाखाली हिशेबनीसबाई होत्या, तोंडासमोर मोठा कॅमेरा धरलेल्या. दोघांनी एकाच वेळी एकमेकांचा फोटो काढला होता. ती त्या जिभेच्या टोकाकडे नको इतका वेळ बघत राहिली. मग तिने फरक काढला, त्याचे सगळे फोटो पुढे सरकवले आणि यादी पुन्हा ओळीने लावायला सांगितली.

वरचा गठ्ठा नाहीसा झाला. त्याचे फोटो इतरांच्या फोटोंमध्ये जाऊन मिसळले, जसे सहलीला गेलेले लोक गर्दीत मिसळतात.

ती पहिल्यापासून बघू लागली. बसच्या दारात लटकलेला नवरा. खिडकीतून काढलेले, हललेले रस्ते. काठावर पोहोचल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे असलेले झाडून सगळे पुरुष, त्यात जोडीदारही, चौकटीच्या शर्टात. रस्सीखेच. साहेब पालथे पडलेले. तिला नकळत हसू आलं. मग जेवणाच्या पंगती, वाढायला नवराच, कारण वाढायची त्याला हौस. शेवटी, सगळ्यांना वाढून, स्वतः जेवायला बसलेला.

त्यानंतर झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या. पत्त्यांचा डाव मांडला जातोय. साहेब अर्धे आडवे. या फोटोत नवरा नाही, जोडीदारही नाही.

पुढचा फोटो नवऱ्याच्या कॅमेऱ्यातला होता. तो तिने सकाळी एकदा ओझरता पाहिला होता आणि सगळे पाण्यात उतरले होते तेव्हाचाच असेल असं धरलं होतं. नुसतं पाणी, आणि बऱ्याच आत जोडीदाराचं डोकं. एक हात वर केलेला. फोटोसाठी हात करावा तसा.

त्यापुढचा फोटो बिघडलेला होता. तिरका खडक, आभाळाचा तुकडा, आणि एका कोपऱ्यात कलंडलेला बूट. बुटाच्या नाडीची गाठ सुटलेली नव्हती. कॅमेरा ठेवताना चुकून दाबला गेलेला. नवऱ्याच्या कॅमेऱ्यातला हा शेवटचा फोटो.

मग पुन्हा हिशेबनीसबाईंचा. डाव रंगात आलाय. एकजण तोंड उघडं टाकून हसतोय, दुसरा पान आपटायला हात उगारून बसलाय. सतरंजीच्या कडेला जोडीदार. आता त्याच्या अंगात चौकटीचा शर्ट नाही, कंपनीचा बनियनवजा टी-शर्ट आहे. केस कपाळाला चिकटलेले. हातात पत्त्यांचा पंखा. सगळ्यांचे डोळे डावावर आहेत, त्याचे मात्र कॅमेऱ्याच्याही पलीकडे.

तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दवाखान्यात बारीक तडा शोधताना करते तसा. जोडीदाराच्या कानाच्या पाळीवर पाण्याचा थेंब होता.

पुढे चहा. जोडीदाराच्या हातात कप. त्यानंतर साहेबांच्या फोनमधला फोटो, सगळे दात दाखवत एकत्र, आणि मागे, सगळ्यांच्या खांद्यांआडून, जोडीदार. त्यापुढे काहीच नव्हतं. माणसं मोजल्यानंतर कुणी फोटो काढले नव्हते.

तिला आधी काही कळलंच नाही. म्हणजे डोळ्यांना कळलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. घड्याळच चुकलं असेल म्हणून तिने तो जिभेच्या टोकाचा फोटो पुन्हा उघडला, फरक पुन्हा मोजला. बरोबर होता. ती पत्त्यांच्या फोटोवर परत आली. एक फोटो खोटा बोलेल, पण पंगत, रस्सीखेच, झाडाच्या सावल्या, सगळं जागच्या जागी बसत होतं.

याच खोलीत, सासूबाईंच्या पायाशी बसून जोडीदार रडत म्हणाला होता, "मी जेवून बसमध्ये झोपलो होतो, आई. आरडाओरडा झाला तेव्हा जाग आली. जागा असतो तर त्याला जाऊ दिलं असतं का?"

आणि कॅमेरा? बूट खडकावर सापडले. मग बुटांशेजारी ठेवलेला कॅमेरा बॅगेत, चेन लावून, कुणी ठेवला? बॅग घेऊन कोण आलं होतं? "बसमध्ये राहिली होती, वहिनी," म्हणत जोडीदारच.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरचे धुतलेले कप पुन्हा धुऊ लागली. एक, दुसरा. तिसरा हातातून निसटला, फुटला नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय पडलं गं?"

"काही नाही, आई. कप."

बाहेर येऊन पाहिलं तर पडद्यावर जोडीदार तसाच बसलेला. पत्ते हातात धरून, पाण्याकडे बघत.

जोडीदार आला तो दिवा हातात घेऊनच. "वहिनी, पांढरा मिळाला नाही, पिवळा आणलाय, चालेल ना?" चपला काढता काढता त्याची नजर टेबलावर गेली. तिथे नवऱ्याचा कॅमेरा होता. तो वाकलेला तसाच राहिला.

"तो... चालू होतो अजून?"

"होतो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तो परत फिरला असता तर तिने त्याला अडवलं नसतं. पायात अजून एक चप्पल होती. पण आतून सासूबाईंची हाक आली, "आला का? ये रे, बस. आज आपल्याला तो सकाळपासून भेटणार आहे." त्याने ती चप्पलही काढली आणि येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

फोटो सुरू झाले. सासूबाई मध्ये, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला तो. म्हातारीचा नवा डोळा हपापल्यासारखा बघत होता. "हा शर्ट मीच आणला होता. हे कोण, तुमचे साहेब? आडवे झाले की काय!" टाळी देऊन हसल्या. पंगतीच्या फोटोवर म्हणाल्या, "बघ, सगळ्यांचं झाल्यावर बसला. लहानपणापासून तसाच." जोडीदार 'हं' म्हणत होता. दर 'हं'गणिक त्याचा आवाज खाली जात होता.

सुनेला वाटलं, इथेच थांबावं. दिवे गेले म्हणावं, काहीही म्हणावं. पण मधलं काही गाळायचं नाही, असं बजावलेलं होतं, आणि तिच्या बोटाने पुढचं बटण दाबलंही होतं.

"हा पाण्यात कोण?"

सुनेचं बोट माउसवर तसंच राहिलं.

"अगं, कोण हा? एवढा आत गेलेला?"

"मी, आई," जोडीदार म्हणाला.

"जेवल्यावर?"

"हो."

"तू तर झोपला होतास."

जोडीदाराने दिव्याचं खोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचा पुठ्ठा चेपला गेल्याचा आवाज आला.

"पलीकडच्या दगडाला हात लावून येतो, असं मीच म्हणालो. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. त्याला म्हटलं, तू फोटो काढ. अर्ध्यावर पायात गोळा आला. मी हात वर केला. त्याला वाटलं, मी फोटोसाठी करतोय. त्यानं काढला." त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. "मग त्याला कळलं."

सुनेने पुढचं बटण दाबलं. खडक, आभाळ, बूट.

"त्यानं मला मागून धरलं. ढकलत ढकलत आणलं. मी खडक धरला, त्यानं खालून रेटलं, मी वर आलो. वळून बघतो तर त्याचा हात दिसला. एकदाच."

"ओरडलास?" सासूबाईंनी विचारलं.

"आवाजच फुटला नाही. तोंड उघडं होतं, नुसती हवा बाहेर येत होती."

"मग?"

"मग किती वेळ उभा होतो, माहीत नाही. कॅमेरा दिसला, तो उचलला. का उचलला, तेही माहीत नाही. बसमध्ये जाऊन कपडे बदलले. बाहेर आलो तर कुणीतरी विचारलं, डोकं ओलं कसं रे? म्हटलं, नळाखाली धरलं. एवढं एक बोललो, आणि मग दुसरं काही बोलताच येईना. सगळे हसत होते, आई. मला वाटायचं, आता सांगतो. हा डाव संपला की सांगतो."

"पत्ते खेळलास."

"हो."

"चहा प्यालास."

"हातात धरला होता."

सासूबाईंनी पडद्यावरच्या त्या कलंडलेल्या बुटावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा लेक पोहायला गेला नव्हता."

"नाही, आई."

"आई म्हणू नकोस मला."

त्या उठल्या. एरवी उठताना कुणाचा तरी हात लागायचा. आज खुर्चीला, मग कपाटाला, मग दाराच्या चौकटीला धरत स्वतःच आत गेल्या. आतून कडी लागली.

"वहिनी," जोडीदार म्हणाला, "मला काय ती शिक्षा सांगा. पोलिसांत जातो. तुम्ही म्हणाल ते करतो."

ती त्याच्याकडे बघत होती. वर्षभर या माणसाला तिने चहा दिला होता. त्याने सिलिंडर उचलला की 'जपून हं' म्हटलं होतं.

"तुम्ही दोघं कामाला जायचात, तेव्हा खड्ड्यात कोण उतरायचं?"

"तो."

"आणि वर?"

"मी."

"त्यांचा आवाज तुम्हाला कधी ऐकू आला नाही, असं झालं होतं?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती म्हणाली, "उद्या कामावर सगळ्यांसमोर सांगा. साहेबांसमोर. जसं झालं तसं. पोलिसांत जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आता जा."

तो गेल्यावर तिला दिसलं की चेपलेल्या खोक्यातला दिवा तो खुर्चीवर ठेवून गेला आहे.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरी राहून काय करणार होती? सासूबाईंनी सकाळी कडी काढली आणि चहा घेतला. जेवणाच्या सुट्टीत हिशेबनीसबाईंचा फोन आला. बाईंना धड बोलता येत नव्हतं. त्याने कामाच्या आवारात सगळ्यांना थांबवून घेऊन सांगितलं होतं. पत्त्यांच्या डावातला जो तोंड उघडं टाकून हसत होता, त्यानेच त्याच्या मुस्काटात मारली. एकदा नाही, चारदा. लोकांनी ओढून धरलं. जोडीदार हललासुद्धा नाही. "तो फोटो मी काढलाय हो," बाई सारख्या म्हणत होत्या. "भिंगातून बघत होते मी त्याच्याकडे. मला कसं दिसलं नाही?" साहेब संध्याकाळी घरी येतो म्हणालेत, त्यांचा चेहरा बघवत नव्हता, असंही त्यांनी सांगितलं.

तिने फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. एक वयस्कर शिंपी होता, खोकल्याने बेजार. तिने त्याला पाटीला छाती लावून उभं केलं, खांदे पुढे घेतले, काचेमागे जाऊन नेहमीसारखं म्हटलं, "मोठा श्वास घ्या. आणि रोखून धरा."

बटण दाबलं. चित्र आलं. बरगड्या, त्यांच्यामागे काळी पोकळ फुप्फुसं, हवेने भरलेली. ती त्या हवेकडे बघत राहिली. नवऱ्याने माणूस मागून धरला असेल, ढकलत आणला असेल, वर रेटला असेल. खालून रेटताना त्याचं स्वतःचं डोकं पाण्याखाली गेलं असेल. मोठा श्वास घ्यायला सवड तरी मिळाली असेल का? आणि मी त्याच्या कानाशी जाऊन काय म्हटलं?

"बाई..." पलीकडून चिरका आवाज आला. "बाई, सोडू का आता?"

म्हातारा अजून पाटीला चिकटून उभा होता, लालबुंद, गाल फुगवून.

"अहो, सोडा! सोडा, सोडा!" ती धावत बाहेर आली. त्याने श्वास सोडला आणि खोकत खोकत तिच्याकडे पाहिलं. पेशंट बघतात तसंच, तिच्या चेहऱ्याकडे.

"काही फार वाईट दिसलं का हो?" त्याने घाबरून विचारलं.

तिला नाही म्हणायचं होतं. तुमच्या छातीत काही नाही, आजोबा, असं सांगायचं होतं. पण तिचा ओठ थरथरला, आणि मग काही केल्या थांबेना. वर्षभराचं सगळं एकदम आलं. ती पाटीला कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडली. तो म्हातारा उघड्या अंगाने, सदरा हातात धरून, तिच्या पाठीवर थोपटत म्हणत राहिला, "असू दे, बाई, असू दे. माझं वय झालंय आता. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?"

त्या आठवड्यात पुष्कळ माणसं येऊन गेली. साहेब आले आणि त्याच खुर्चीत बसून खाली मान घालून राहिले. सासूबाईंनीच त्यांना पाणी दिलं आणि "सावकाश जा" म्हटलं.

गुरुवारी सासूबाईंना डोळा दाखवायला जायचं होतं. सून म्हणाली, "मी रजा टाकते."

"नको. तो येतोय."

"कोण?"

"मीच फोन केला शेजारून." सासूबाई पदर नीट करत होत्या. बोलताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "माझ्या लेकानं जीव घालून काढलाय त्याला. तसाच कसा टाकून देऊ? पण मी बोलणार नाही त्याच्याशी. तेवढं त्यानं सोसायचं."

"आई, मला ते बघवणार नाही."

"मग तू आत जा."

ती आत गेली नाही. तो आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ओठ सुजलेला, गालावर निळा डाग. दोन दिवसांपूर्वी पोलिसांत जाऊन जबाब देऊन आला होता, पुढे काय व्हायचं ते व्हायचं होतं. त्याने 'वहिनी' म्हटलं नाही, तिनेही 'या' म्हटलं नाही. सासूबाईंनी काळा चष्मा चढवला, पिशवी घेतली आणि त्याच्याकडे न बघता जिना उतरू लागल्या. तीन मजले उतरायचे होते. तो त्यांच्या एक पायरी पुढे, आडवा चालत, कोपर पुढे करून. त्यांनी कठडा धरला होता.

सून दारात उभी राहून कठड्यावरून खाली बघत होती.

दुसऱ्या वळणावर म्हातारीला दम लागला. त्या थांबल्या. तोही थांबला, तोंड भिंतीकडे वळवून, कोपर तसंच. खालून कुणाच्या तरी घरातल्या नळाचा आवाज येत होता. मग सासूबाईंचा हात कठड्यावरून सुटला आणि त्यांनी त्याचं कोपर धरलं, गच्च, नखं रुतावीत इतकं गच्च. त्याने हात काढून घेतला नाही. म्हातारीने आपला सगळा भार त्या कोपरावर टाकला आणि पुढच्या पायरीसाठी पाय चाचपला.